म्हातारीचा निरोप

११ जानेवारी

दादा,

साष्टांग नमस्कार वगैरे लिहिलं तर तू 'आता काय हवंय हिला' म्हणून पत्र बाजूला ठेवशील. म्हणून नुसतंच दादा.

वहिनी प्रत्येक पत्रात लिहिते, 'हे बरे आहेत'. म्हणजे तू अजून गुरगुरतोयस एवढं मला कळतं. गेल्या वर्षी आई पडली, मांडीचं हाड मोडलं, मी चार दिवसांसाठी आले आणि निघाले, तेव्हा तू जिन्यावरून म्हणालास, "पुढच्या वेळी माकडांना विचारून सावकाश ये." त्यानंतर आपण बोललो नाही. तू ते विसरलेला नाहीस आणि मीही नाही. शेवटी दोघं एकाच आईची पोरं. ती इस्त्री करताना जळालेला सदरा वर्षभर गिऱ्हाइकाला विसरू द्यायची नाही, जणू चूक त्याचीच होती.

आता वहिनीनं कळवलंय की तू दुकानात येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतोस, "माझी बहीण माकडांचा ताप काढते." लोक हसतात म्हणे. हसू देत. तू बिघडलेले फ्रिज उघडून त्यांचं पोट तपासतोस, त्यावर मी कधी हसले का? (हसले होते. पण तेव्हा मी लहान होते.)

तर एकदा नीट ऐक. माकडाला काखेत थर्मामीटर धर म्हणून सांगता येत नाही. म्हणून आम्ही सकाळी झाडाखाली उभे राहतो आणि वरून शी पडली रे पडली की ती गार व्हायच्या आत तिच्यात थर्मामीटरची सुई खुपसतो. हसून झालं? बरं. त्यावरून अंगातल्या उष्णतेचा अंदाज येतो. आमच्या कळपात असं दिसतंय की पोटुशा माद्यांचं अंग जसजसे दिवस भरत येतात तसतसं किंचित गार होत जातं, आणि बाळंत व्हायच्या सुमाराला आणखी थोडं. रानातल्या माकडिणीला बाळंत होताना फारसं कुणी पाहिलेलं नाही. ती अंधारात, उंच फांदीवर मोकळी होते. सकाळी बघावं तर पोटाशी पिल्लू. मला ते आधी ओळखता यायला हवंय. एवढंच माझं काम, आणि यासाठीच मी घरादारावर पाणी सोडलं असं तू म्हणतोस.

कळपात एक सगळ्यांत जुनी मादी आहे. गालावरचे केस पांढरे, एका पायानं लंगडते, मधे कुणी आलं की फाडकन मुस्कटात देते. तिला आम्ही म्हातारी म्हणतो. नाव मी ठेवलं. का ठेवलं ते विचारू नकोस. तिची मागची दोन्ही पिल्लं जगली नाहीत. या वेळी पुन्हा पोट दिसतंय.

आई नीट जेवत नाही असं वहिनी लिहिते. तिला सांग, मी विचारलंय. आमच्या तळावर फोन लागत नाही. निकड असली तर रानाच्या नाक्यावर कर, नंबर पाठीमागे लिहिलाय. तिथला नाकेदार निरोप वायरलेसवरून आम्हाला सांगतो. फार चोख माणूस. निरोप जसा आला तसा सांगतो, एक अक्षर इकडचं तिकडे करत नाही आणि त्याचा त्याला भारी अभिमान आहे.

तुझं शेंडेफळ


२ फेब्रुवारी

दादा,

वहिनीच्या पत्राखाली तुझं अक्षर पाहिलं. वर्षभरात पहिल्यांदा. 'येणार असशील तर आता ये.' एवढंच. अक्षर अजून तसंच आहे, उंदराच्या शेपटीसारखं.

मी ते दिवसभर खिशात घेऊन हिंडले.

डॉक्टर म्हणतात हृदय थकलंय. थकलंय म्हणजे काय रे? इतकी वर्षं उभ्यानं इस्त्री केली तेव्हा थकलं नाही, आता पलंगावर पडून थकलं? तू म्हणशील, हे पत्रात विचारण्यापेक्षा इथं येऊन विचार. बरोबर आहे तुझं. मी स्वतःशी भांडतेय आणि तुला मधे घेतेय.

पण माझंही ऐक. म्हातारीचे दिवस जवळ आलेत. हा आमचा इथला शेवटचा हंगाम आहे. मग तळ बंद होणार, तंबू गुंडाळायचे, लोक आपापल्या वाटेनं. इतक्या महिन्यांची उठाठेव त्या एका बाळंतपणावर येऊन ठेपलीय. आमचा वाटाड्या पाणवठ्याजवळच्या तंबूत राहून तिच्यावर डोळा ठेवून असतो. सगळे त्याला भाऊ म्हणतात, त्याचं खरं नाव त्याच्या बायकोला तरी आठवतं की नाही कोण जाणे. काही विशेष दिसलं की तो टेकाडावर चढतो, तिथं त्याच्या मोबाईलला जेमतेम रेंज येते, तिथून नाक्यावर फोन करतो आणि नाकेदार मला कळवतो. असा आमचा द्राविडी प्राणायाम. मी निघून गेले तर भाऊ एकटा काय काय करेल?

हे सगळं खरं आहे, आणि तरी हे कारण नाही. कारण असं आहे की मला भीती वाटते. गेल्या वर्षी आईनं माझ्या आधारानं उभं राहायचा प्रयत्न केला, तेव्हा तिचं सगळं वजन माझ्यावर आलं आणि ते इतकं कमी होतं की मी तिला घाईनं पुन्हा पलंगावर बसवलं. म्हणून मी चार दिवसांत पळाले. तुला वाटलं मला माकडांची ओढ. असू दे, आता लिहिलं.

तू आईच्या खोलीत शिरताना "काय म्हातारे, जेवलीस का?" म्हणून ओरडतोस ना, तसं माझ्या वतीनं एकदा ओरड. आणि तिला सांग, इकडचं उरकलं की मी निघतेच. पंधरवडाभराचा प्रश्न आहे. तेवढं थांब म्हणावं.

तुझी,
शेंडेफळ


२० फेब्रुवारी

दादा, दादा,

म्हातारी बाळंत झाली!

मी हे पाणवठ्याजवळ भाऊच्या तंबूत बसून लिहितेय, अंगात ताकद नाही, बोटं शाई पुसत चाललीयत, पण सामानाची गाडी आज परत जाणार आणि तिच्याबरोबर हे गेलंच पाहिजे. म्हातारी सुखरूप आहे. पिल्लूही. अंग जरा गार पडलंय तिचं, पण तसं ते पडायचंच होतं.

कशी गंमत झाली ऐक. परवा दुपारी मी तळावर कपडे धूत होते. वायरलेस खरखरला. नाकेदार म्हणाला, "मॅडम, भाऊंचा निरोप आहे. जसा आहे तसा सांगतो. 'म्हातारीचे दिवस भरत आलेत. असशील तशी निघ.'" मला हसूच आलं. भाऊ मला जन्मात कधी अरेतुरे करत नाही, 'मॅडम बसा, मॅडम जपून' हेच त्याचं चालू असतं. म्हटलं, आज घाईत जीभ सैल सुटलीय स्वारीची. मी खरंच असेन तशी निघाले. हाताला साबण, पायात स्लिपर, स्वेटर दोरीवरच राहिला. नाकेदाराला ओरडून सांगितलं, "निघाले म्हणून कळवा!"

टेकडी ओलांडून पोहोचले तर भाऊ बघतच राहिला. म्हणाला, "मॅडम, मी निरोप धाडणारच होतो. तुम्हाला आधीच कसं कळलं?" विसरभोळेपणाची कमाल आहे. पण मी आले ते बरं झालं. सकाळपासून म्हातारी कळपापासून बाजूला बसत होती आणि थर्मामीटरचा आकडा नेहमीपेक्षा बराच खाली होता.

त्या रात्री कळा सुरू झाल्या असाव्यात. फांदी धरून ती वाकायची, पुन्हा बसायची. आणि उजाडलं तशी ती थांबली! कळप हलला, त्याच्यामागे ती लंगडत लंगडत चालू लागली, पानंसुद्धा खाल्ली, काही झालंच नाही असं तोंड करून. अख्खा दिवस तिनं तसाच काढला. दिवसा मोकळी झाली असती तर कळप पुढं निघून गेला असता आणि ती ओल्या पिल्लासकट मागं राहिली असती. म्हणून अंग वाट बघतं, दादा. योग्य वेळ येईपर्यंत धरून ठेवतं. मी हे वाचलं होतं, पाहिलं नव्हतं. दिवस कलला, सगळे निजायच्या झाडावर चढले, आणि मग तिनं काही वेळात उरकून टाकलं.

मी रडले. भाऊसुद्धा डोळे पुसत होता आणि धूर लागला म्हणत होता. धूर कुठला, चूल तर विझलेली होती.

आता मी येतेय. चार दिवसांत सगळं आवरून निघते. आईला सांग की तिच्या लेकीनं जे आजवर फार कुणाला दिसलं नाही ते पाहिलं. 'माकड म्हणतं आपलीच लाल' असं तू म्हणणार, म्हण. मला आज कशाचंच काही वाटत नाही. आईसाठी मधाची बाटली घेतलीय.

तुझी, तुझी, तुझी,
शेंडेफळ


२७ फेब्रुवारी

दादा,

मी तुझ्याच रस्त्यावर आहे. कोपऱ्यावर जे लॉज आहे, खाली सायकलीचं दुकान, तिथं वरच्या मजल्यावर. खिडकीतून तुझ्या दुकानाचं शटर दिसतं. काल दिवसभर ते बंद होतं. आज तू अर्धं उघडलंस आणि आत गेलास.

काल मी जिना चढून आले तेव्हा मला काही माहीत नव्हतं. तू हे मानणार नाहीस. तरी लिहिते. मी मधाची बाटली हातात घेऊन दारात उभी होते आणि 'आई कुठाय?' म्हणून हसत विचारत होते. तू माझ्याकडे पाहिलंस. म्हणालास, "तुझी म्हातारी कशी आहे? बाळंत झाली ना?" आणि दार लावलंस. आत तुझी मुलगी रडायला लागली ते मला ऐकू आलं. तरी मला कळलं नाही. मला वाटलं, रागावलाय.

मग वहिनी कचऱ्याची बादली घेऊन खाली आली. बादली रिकामी होती. तिनं मला जिन्याखाली सांगितलं.

दादा, आई गेली त्याला आठवडा झाला, आणि मी तिच्यासाठी मध घेऊन आले होते.

वहिनी म्हणाली, "तुम्हाला निरोप दिला होता की. नाक्यावरच्या माणसानं सांगितलं, मॅडम निघाल्या. ह्यांनी संध्याकाळी परत फोन केला, तेव्हाही तो म्हणाला, केव्हाच निघाल्या, धावतच निघाल्या. तुम्ही आलाच नाहीत. आम्ही शेवटपर्यंत तुमच्यासाठी खोळंबलो. आणि मग ते पत्र आलं." मी विचारलं, कुठलं पत्र. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा विचारलं नाही.

रात्रभर मी तो निरोप तोंडानं म्हणत होते. 'म्हातारीचे दिवस भरत आलेत. असशील तशी निघ.' म्हणता म्हणता तो तुझ्या आवाजात ऐकू आला. भाऊ मला कशाला 'निघ' म्हणेल? 'निघ' म्हणणारं मला या जगात कोण आहे?

सकाळी लॉजच्या गल्ल्यावरून नाकेदाराला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, लाईन तुटत होती. मी विचारलं कोण बोलतंय, तर म्हणाले, भाऊ बोलतोय. मी म्हटलं आपले भाऊच. म्हातारीचंच सगळे विचारत होते ना त्या दिवसांत, मीसुद्धा विचारायचो." मग त्याला हळूहळू उमगलं असावं. मग म्हणाला, "मॅडम, शपथेवर सांगतो, मी 'ध'चा 'मा' केला नाही. एक अक्षर बदललं नाही." मी त्याला म्हटलं, तुमचं काही चुकलं नाही. खरंच नाही चुकलं. त्यानं एखादं अक्षर बदललं असतं, 'या' म्हणाला असता, 'तुमच्या आईची तब्येत' म्हणाला असता, तर मी आले असते. त्यानं तुझे शब्द जसेच्या तसे माझ्या कानापर्यंत आणले आणि मला ते ओळखू आले नाहीत.

तू सरळ बोलला नाहीस म्हणून मी तुला दोष देत नाही. 'आई मरतेय' असं कुठला मुलगा फोनवर परक्या माणसाला सांगेल? दिवस भरत आलेत म्हणालास. आपल्यात तसंच म्हणतात. येणाऱ्यालाही तेच आणि जाणाऱ्यालाही तेच.

आणि ती म्हातारी. नाव का ठेवलं ते विचारू नकोस असं मी लिहिलं होतं ना, आता न विचारता सांगते. पहिल्यांदा ती दिसली तेव्हा एका दांडगट पोराला थोबाडीत देऊन, जणू काही झालंच नाही अशी पाठ फिरवून बसली. मला तुझं "काय म्हातारे" आठवलं. तिथं सकाळी थंडीत उभं राहून दिवसातून दहादा तो शब्द तोंडात घोळवायला मिळायचा, तेवढंच घर. मी तिला आईचं लाडकं नाव दिलं म्हणून ती माझ्या आईच्या वाटेत आली. यात कुणावर रागवायचं ते मला कळत नाही. तुला कळलं तर मलाही सांग.

तू मला दार उघड एवढंच माझं मागणं आहे. तुझ्याशिवाय मला आता 'तू' म्हणणारं कुणी उरलं नाही.

पिल्लू जगलंय. त्याचा मला काही आनंद होत नाही. त्या बिचाऱ्याचा तरी काय दोष.

धाकटी


२८ फेब्रुवारी

दादा,

कालचं पत्र वहिनीनं तुझ्या हातात दिलं आणि तू ते न वाचता टेबलावर ठेवलंस, असं ती म्हणाली. मग तू आंघोळीला गेल्यावर तिनं बघितलं तर पत्र टेबलावर नव्हतं असंही म्हणाली.

मी लॉज सोडलेलं नाही.

धा.


३ मार्च

दादा,

वहिनी आत्ता खाली येऊन गेली. चहा आणला होता तिनं, किटलीतून. तुमच्या जिन्यात माझ्या शेजारी बसली आणि मी न विचारता तिनं आईचे शेवटचे दोन दिवस सांगितले. तुला वाटत असेल की मला ते ठाऊक नाहीत म्हणून मी इतकं बिनधास्त दार मागतेय. आता ठाऊक आहेत.

तू आईला सांगितलंस, निघालीय ती. आईनं लगेच वहिनीकडून केस विंचरून घेतले. म्हणाली, "ती आली की वटवट करून डोकं उठवेल. तोवर मला जरा झोपू दे." मग झोपली नाहीच. जिन्यात पाऊल वाजलं की डोळे उघडायची. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, आता काही तासांचा खेळ, आणि तरी ती दिवसभर राहिली. तू दुकान सोडून खिडकीत बसून होतास. कोपऱ्यावर रिक्षा थांबली की उठायचास. वहिनी म्हणाली, "ह्यांना मी कधी असं बघितलं नव्हतं."

आणि संध्याकाळी आईला दिसेनासं झालं. तेव्हा तू वहिनीला स्वयंपाकघरातून हाक मारलीस. ती आईसाठी शेकायची पिशवी भरत होती, तशीच आली. तू तिचा हात घेऊन आईच्या हातात दिलास आणि म्हणालास, "आली बघ, म्हातारे."

तू, ज्यानं आयुष्यात गिऱ्हाइकाला 'उद्या देतो' एवढंसुद्धा खोटं सांगितलं नाही.

आईनं तो हात दोन्ही हातांनी चाचपला. म्हणाली, "किती गरम हात आहेत गं तुझे." मग थोड्या वेळानं म्हणाली, "बरं झालं आलीस." त्यानंतर ती काही बोलली नाही.

वहिनीनं हे सांगून पदराच्या गाठीतून एक चिठ्ठी काढली. वर्तमानपत्राच्या कडेचा फाडलेला तुकडा, त्यावर तुझं अक्षर. मला नाही, तिलाच लिहिलेलं. 'तिचे हात गरम असतात की गार? विचार तिला.'

वहिनी म्हणाली, "ते रात्रभर तेच विचारतायत. मला आठवत नाही म्हणतात. लहानपणानंतर हात धरलाच नाही म्हणतात."

दादा, तू हे का विचारतोयस ते मला कळलं. तू मला दार उघडत नाहीस ते मी आले नाही म्हणून नाही. ते पत्र तू टेबलावरून उचललंस त्याच दिवशी तुला सगळं कळलं होतं. तू उघडत नाहीस कारण आईला शेवटी फसवलं आणि ते तिला कळलं असेल तर, या एका विचारानं तुझ्या तोंडाला कुलूप लागलंय.

मी आधी 'गरम' असं लिहिलं. वहिनी वर गेल्यावर इथं जिन्यात बसून लिहिलं आणि वाचून पाहिलं. एवढ्या एका शब्दावर तू आज रात्री झोपला असतास. मलाही बरं वाटलं असतं, की आई मी आले असं समजूनच गेली. मग मी तो कागद फाडला. आपल्या दोघांत आधीच एक चुकीचा निरोप गेलाय.

गार, दादा. माझे हात बारा महिने गार असतात. उन्हाळ्यातसुद्धा. आई दुकानात इस्त्री करायची तेव्हा कपड्याची घडी झाली की ती मला धरायला द्यायची. दोन्ही हातांवर ठेवायची आणि म्हणायची, "गिऱ्हाइकाचं आहे, खाली ठेवायचं नाही." मी शहाण्यासारखी धरून उभी राहायचे. ती घडी निवली की ती काढून घ्यायची आणि दुसरी, आत्ता केलेली, ठेवायची. मला वाटायचं मी दुकानात मदत करतेय. ती माझे हात शेकत होती. हे मला मोठी झाल्यावर, तिच्यापासून लांब राहायला लागल्यावर, एका हिवाळ्यात कळलं.

ती बाई माझे हात विसरेल?

तिनं वहिनीचा हात चाचपला तेव्हाच तिला कळलं. 'गरम हात आहेत' ती म्हणाली ते त्यामुळंच म्हणाली. आणि मग तिनं थोडा वेळ घेतला असं वहिनी म्हणते. त्या थोड्या वेळात ती काय करत होती ते मला दिसतंय. तू पलंगाच्या पायथ्याशी उभा होतास, तुझा श्वास तिला ऐकू येत असणार. मोठ्या माणसानं रडू दाबलं की कसा आवाज येतो तो तिला येत असणार. म्हणून ती म्हणाली, 'बरं झालं आलीस.' ते मला नव्हतं, वहिनीला नव्हतं. ते तुला ऐकू जावं म्हणून होतं. तू तिला फसवलं नाहीस, दादा. तू फसवायला गेलास आणि तिनं तुला सांभाळून घेतलं.

माझ्या वाट्याला एवढंच उरतं की मी आले नाही, हे तिला ठाऊक होतं. ते माझं मी बघेन. ते तुझ्यावर टाकणार नाही, आणि ते कुणी माझ्याकडून काढूनही घेऊ शकणार नाही. तिनं वाट बघितली, तिला कळलं की मी येत नाही, आणि मग ती गेली. मी त्या वेळी झाडाखाली उभी राहून आनंदानं रडत होते. हे मला रोज सकाळी आठवतं. डोळे उघडायच्या आधी आठवतं.

हे पत्र मी वहिनीला हाक मारून देणार नाही. तुझ्या दाराच्या फटीतून आत सरकवणार आहे. तू कॉटवर बसलेला असलास तर कागद आत येताना तुला दिसेल. मी इथंच बाहेर, वरच्या पायरीवर बसलेय, लॉजवर नाही.

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. तुझं काही मी ऐकलं नाही, माझं तू का ऐकावंस? ऊठ, दार उघड, आणि हात लावून बघ.